निष्कर्ष शेवटच्या ओळीतच असतो, आणि अशाच काही भरवशाच्या युक्त्या

एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी जी जीमॅट परीक्षा देतात, तिच्या व्हर्बल म्हणजे वाचन आणि युक्तिवादाच्या विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न सोडवायचे असतात. एका प्रश्नाला धड दोन मिनिटंही येत नाहीत. एवढ्याशा वेळात कुठलं विधान कुणाला आधार देतंय हे बघत बसणं म्हणजे निव्वळ चैन. म्हणून उतारा समोर आला की सगळ्यात आधी त्या विषयावर आपलं मत काय ते ठरवून टाका. प्रश्नात 'लेखक युक्तिवाद कसा करतो' असं विचारलेलं असलं तरी बिचकायचं कारण नाही. लेखक चुकीचा युक्तिवाद करतो, हे तुम्हाला कळलेलंच आहे. आता पर्यायांत तेवढं शोधायचं.

समजा, उतारा असा आहे: 'गेल्या वर्षी काही ग्रंथालयांच्या वेळा वाढवल्या. त्यानंतर वाचक वाढले, म्हणून ही वाढ वाढीव वेळांमुळेच झाली, असं समितीचं म्हणणं. पण ज्या शाखांच्या वेळा जुन्याच राहिल्या, तिथेही वाचक तेवढ्याच प्रमाणात वाढले. तेव्हा या वाढीचं श्रेय वेळांना देता येत नाही. सभासदांची वर्गणी त्याच वर्षी रद्द झाली होती, याकडे समितीने लक्षच दिलेलं नाही.' यात समितीचं म्हणणं आणि जुन्या वेळांच्या शाखांचं वाक्य ठळक छापलंय, आणि दोन्ही विधानं युक्तिवादात काय काम करतात ते विचारलंय.

आपला पहिला नियम: निष्कर्ष शेवटच्या ओळीत असतो. म्हणजे वर्गणी रद्द झाली, हाच निष्कर्ष. दुसरा नियम: 'म्हणून' दिसलं की पुढे निष्कर्ष. म्हणजे समितीचं म्हणणं हा निष्कर्ष. तो समितीचा की लेखकाचा, असल्या घरगुती भांडणात आपण पडायचं नाही. दोन नियमांनी दोन निष्कर्ष दिले, तर जो आधी सापडला तो घ्या. 'पण' हा शब्द मात्र सरळ ओलांडून जा. लेखक समितीचा हात सोडून स्वतःच्या वाटेला लागतो तो नेमका तिथे, आणि आपल्याला तर वाट चुकायची आहे.

काही चिकित्सक मंडळी दोन वाक्यांच्या मध्ये 'कारण' घालून बघतात. 'वाढीचं श्रेय वेळांना देता येत नाही, कारण जुन्या वेळांच्या शाखांतही वाचक वाढले' हे ऐकायला ठीक लागतं. उलटं केलं, 'जुन्या वेळांच्या शाखांत वाचक वाढले, कारण श्रेय वेळांना देता येत नाही', तर बरळल्यासारखं होतं. झालं! आधारविधान कोणतं आणि निष्कर्ष कोणता, बसल्या जागी निकाल. इतकं सहज सुटायला लागलं तर मग क्लासची फी कशासाठी भरायची?

आता पर्याय. 'पहिलं विधान म्हणजे लेखकाला अमान्य असलेली भूमिका; दुसरं विधान म्हणजे त्या भूमिकेला दुजोरा देणारा पुरावा.' पूर्वार्ध वाचलात? अगदी बरोबर आहे ना? मग थांबा, टिक करा, पुढे चला. अर्धविरामाच्या पलीकडे गेलात तर हाच पुरावा त्या भूमिकेच्या मुळावर उठलाय हे दिसेल आणि उगाच जीव हळहळेल. परीक्षकांनी एवढ्या मायेने पूर्वार्ध खरा लिहिलाय, तर त्यांचा मान राखायला नको? खाली कुठेतरी 'पहिली भूमिका लेखक खोडून काढतो. दुसऱ्याच्या आधाराने तसं करतो' असा एक नीरस पर्याय असेल. त्यात 'गृहीतक' नाही, 'चक्राकार युक्तिवाद' नाही, विद्वत्तेचा वासही नाही. तो बरोबर कसा असेल?

एलसॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कायद्याच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा, देणाऱ्यांनी तर या कलेत विशेष प्रावीण्य मिळवावं. ऑगस्ट २०२४ पासून तिथला तर्ककोड्यांचा विभाग गेला आणि गुण मोजले जाणारे तार्किक युक्तिवादाचे विभाग एकाचे दोन झाले. म्हणजे चुकायला दुप्पट जागा. 'यासारखाच युक्तिवाद कोणता' असं विचारलं की विषय जुळवा. वर मासे असतील तर खाली मासे शोधा. 'सगळे अमुक तमुक असतात, हा तमुक आहे, म्हणून हा अमुक' हा सांगाडा माशांच्या जागी विमानं घालूनही तसाच राहतो खरा, पण मासा तो मासा, विमान ते विमान. आणि मासेवाला पर्याय परीक्षकांनी खास तुमच्यासाठीच घालून ठेवलेला असतो, तेवढं सौजन्य त्यांच्यात आहे.

जीमॅटमध्ये विभाग संपल्यावर वेळ उरला तर तीन उत्तरं बदलता येतात. चुकून एखादं बरोबर आलं असेल, तर ही सोय हाताशी आहेच.