फिटच्या गोळीने कॅल्शियम 'बंद' होत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या मेडिकलमध्ये एक मावशी आल्या. शहराच्या पूर्व भागातल्या, विड्या वळणाऱ्या. बोटांची टोकं तंबाखूने पिवळी पडलेली. पिशवीतून मुलाची फेनिटॉइन ह्या फिटच्या गोळीची स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवली. दहापैकी आठ गोळ्या तशाच. "भाऊ, ह्या परत घेता का? मोबाइलवर आलंय, ह्यानं मेंदूतलं कॅल्शियम बंद होतंय म्हणून." आदल्या रात्री पोराला फिट येऊन गेली होती, तीन वर्षांनी पहिल्यांदा.

तो मेसेज मलाही तीन ग्रुपवर आलाय. त्यात म्हटलंय की फिटच्या आणि झोपेच्या गोळ्या नसांत जाणारं कॅल्शियम अडवतात, त्यामुळे मेंदू सुकतो, हाडं पोकळ होतात. सगळ्या गोळ्या एकाच जातीच्या. तेव्हा गोळी सोडा, दूध-नाचणी वाढवा, फिट आपोआप थांबेल.

"कॅल्शियम अडवतात" ह्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच मेसेज पटतो. चेतापेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा जवळपास 10,000 पट जास्त असतं. विजेची लहर पेशीच्या टोकाशी पोचली की तिथली बारीक दारं क्षणभर उघडतात, थोडं कॅल्शियम आत शिरतं आणि त्याच्या धक्क्याने पुढच्या पेशीला निरोप देणारं रसायन बाहेर पडतं. फिट येते तेव्हा असंख्य पेशी एकदम, थांबायचं नाव न घेता निरोप धाडत सुटतात. काही औषधं ही आवक कमी करतात, तीही दारं कायमची न लावता. रक्तातलं किंवा हाडातलं कॅल्शियम त्यात खर्च होत नाही. कॅल्शियमची आवक कमी झाल्याने मेंदू सुकत नाही.

"सगळ्या एकाच जातीच्या" हे साफ चूक. फेनिटॉइन 1938 पासून फिटवर दिलं जातंय. ते मुख्यतः सोडियम आत सोडणारी दारं अडवून धरतं, तीही जास्त धावपळ करणाऱ्या पेशींची. प्रयोगशाळेत ते आणि बार्बिट्युरेट गटातली झोपेची औषधं कॅल्शियमची आवकही घटवतात, पण त्यांचं मुख्य काम ते नाही. त्याच बार्बिट्युरेट गटातलं फिनोबार्बिटोन आणि वेगळ्या गटातलं डायझेपाम 'गाबा' ह्या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतात. खरोखर कॅल्शियमच्या दारावर बसतात ती वेगळी: लहान मुलं वर्गात काही सेकंद टक लावून हरवतात, त्या फिटवरचं इथोसक्सिमाइड, आणि गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन. गॅबापेंटिनच्या नावात गाबा आहे, पण काम कॅल्शियमच्या दाराच्या एका भागावर. नावावरून औषध ओळखायला जाल तर फसाल.

हाडांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन वर्षानुवर्षं घेतलं तर यकृत ड जीवनसत्त्व लवकर संपवतं आणि हाडं कमजोर होऊ शकतात. ह्यावर उपाय आहे: डॉक्टरांना सांगून ड जीवनसत्त्व तपासून घ्या, लागलं तर पूरक घ्या. त्यासाठी गोळी सोडायची नसते.

दूध-नाचणीने फिट थांबत नाही. रक्तात कॅल्शियम फार कमी झालं तर मात्र उलट फिट येऊ शकते. तो वेगळा आजार, त्याचा इलाज वेगळा. दूध प्या, खुशाल प्या. फक्त कॅल्शियमची किंवा ॲसिडिटीची गोळी फेनिटॉइनबरोबरच घेऊ नका, औषध कमी शोषलं जातं. मध्ये दोनेक तासांचं अंतर ठेवा.

आणि "गोळी सोडा". हा मेसेज मला सगळ्यात जास्त बोचतो तो इथे. अचानक सोडली, विशेषतः फिनोबार्बिटोन किंवा क्लोबाझामसारखी, की फिट उसळून येते, एकामागून एकही येते. पाच मिनिटांत थांबली नाही तर जिवाला धोका. सरळ दवाखाना गाठायचा. गोळी कमी करायची ती डॉक्टरांनी, हळूहळू.

मावशींची स्ट्रिप मी परत घेतली नाही. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला; त्यांनी त्याच दुपारी पोराला घेऊन यायला सांगितलं. मावशी निघाल्या, मग पायरीवरून मागे वळून म्हणाल्या, "तो मेसेज मी आमच्या विडीच्या ग्रुपवर पण टाकलाय, भाऊ. आता काय लिहू?" वरचं सगळं त्यांच्यासाठीच लिहिलंय.