डॅशबोर्डच्या कोऱ्या फाइलीबद्दल: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण दोन स्टार देऊन मांडलेल्या तक्रारी मी आमच्या कामाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. अंबड येथील आपल्या कारखान्याच्या सॉफ्टवेअर विभागासाठी आम्ही लिहिलेल्या पॉवरशेल स्क्रिप्टने (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीने) दर सोमवारी अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्समधील (सॉफ्टवेअरच्या कामाचे नियोजन व नोंदी ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची सेवा) सर्व टीमचे डॅशबोर्ड (कामाची स्थिती एका नजरेत दाखवणारी पाने) एका फाइलीत आणायचे होते; प्रत्यक्षात तीन टीम सुटल्या, आलेल्या डॅशबोर्डमध्ये आकडे नव्हते आणि तीन महिन्यांनी फाइल कोरीच येऊ लागली, असे आपण लिहिले आहे.

टीम सुटल्या ही सर्वस्वी आमची चूक आहे. टीमची नावे आमच्या माणसाने स्क्रिप्टमध्ये हाताने लिहून ठेवली होती. त्यानंतर आपल्याकडे दोन टीम नव्या झाल्या आणि एकीचे नाव बदलले, त्यामुळे नव्यांची विचारणाच झाली नाही आणि जुन्या नावाच्या पत्त्यावर ४०४ (‘सापडले नाही’) असे उत्तर येत राहिले. टीमची यादी एपीआयकडूनच (स्क्रिप्टला थेट माहिती देणाऱ्या त्या सेवेच्या दाराकडूनच) घ्यायची आणि पुढची प्रत्येक विनंती नावाऐवजी टीमच्या आयडीने (नाव बदलले तरी न बदलणाऱ्या ओळखखुणेने) करायची, हे आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

आकड्यांचा मुद्दा मात्र थोडा सविस्तर सांगावा लागेल. एपीआयला डॅशबोर्डची यादी मागितली की नाव, आयडी, मालक अशी वरवरची माहिती मिळते. विजेट (डॅशबोर्डवरचे आकडे वा तक्ते दाखवणारे चौकोन) हवी असतील तर प्रत्येक डॅशबोर्ड त्याच्या आयडीने पुन्हा मागवावा लागतो. तेवढे केले तरी हाती येते ती विजेटची मांडणी, म्हणजे त्याचा प्रकार, जागा, आकार आणि मजकूर म्हणून साठवलेली सेटिंग्ज. पडद्यावर दिसणारा ‘उघडे दोष’ हा आकडा त्यात नसतो, कारण तो पान उघडल्यावर मोजला जातो. सेटिंग्जमधून क्वेरीचा (नोंदी शोधण्यासाठी साठवलेल्या प्रश्नाचा) आयडी काढून ती वेगळी चालवली, तरच आकडा मिळतो. आमच्या कोटेशनमध्ये ‘डॅशबोर्डची माहिती’ एवढेच शब्द होते. त्यांचा अर्थ आपण आकडे असा घेतला आणि आम्ही मांडणी असा. आपला अर्थ अधिक स्वाभाविक होता, हे मी मान्य करतो. क्वेरीवर चालणाऱ्या विजेटचे आकडे आम्ही वेगळा मोबदला न घेता जोडून देऊ. बर्नडाउनसारख्या (उरलेले काम दिवसागणिक दाखवणाऱ्या) तक्त्यांचे गणित निराळे असल्याने त्याचे आश्वासन आज देत नाही.

कोऱ्या फाइलीचे कारण टोकनची (स्क्रिप्टला प्रवेश देणाऱ्या गुप्त किल्लीची) मुदत हे आहे. आपल्या विभागाने ९० दिवसांचे टोकन तयार केले होते. ते संपल्यावर सर्व्हर प्रवेश नाकारू लागला, आणि आमच्या स्क्रिप्टने ती त्रुटी गिळून निमूटपणे रिकामी फाइल लिहिली. मुदत संपणे हा कोणाचाही दोष नाही, पण ते लपणे हा आमचा आहे. (चुकीचा अहवाल निदान कोणाच्या तरी डोळ्यात खुपतो, रिकाम्या अहवालाला ‘या आठवड्यात काही नसेल’ म्हणून माफी मिळते.) यापुढे विनंती फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबेल आणि आपल्या विभागाला ईमेल जाईल.

‘पूर्ण अधिकारांचे टोकन देत होतो, तेही यांनी नाकारले’ या आपल्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. हे काम केवळ वाचण्याचे आहे. त्यासाठी टीम डॅशबोर्ड, प्रकल्प व टीम आणि क्वेरीसाठी वर्क आयटेम (कामांच्या व दोषांच्या नोंदी), एवढ्यांचाच वाचनाधिकार पुरतो. साध्या अहवालासाठी कोड बदलण्याची किल्ली स्क्रिप्टमध्ये ठेवणे मला पटत नाही आणि पुन्हा देऊ केलीत तरी ती आम्ही घेणार नाही.

येत्या गुरुवारी दुपारी मी स्वतः दुरुस्त स्क्रिप्ट घेऊन अंबडला येईन. नवे टोकन आपल्याच माणसाने आपल्याच संगणकावर तयार करावे. कृपया मागच्या वेळेप्रमाणे ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये.

आपला विश्वासू,
संचालक, नाशिक