कालवा करा, पण रीतसर करा

मराठवाड्यात राहायचं अन् कालवा करता येत नाही म्हणजे तुमचं अवघडच हाय, म्हणून हा फुकटचा सल्ला.

आधी कोणता कालवा करायचा ते ठरवा. पाण्याचा तुमच्याच्यानं होत नाही, तो सरकार करतं अन् निवांत करतं. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ ला शास्त्रीजींनी केली अन् उद्घाटन १९७६ ला इंदिरा गांधींनी. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. आकडे पाठ करून ठेवा, पारावर कुणी लई शहाणपणा करायला लागला की २०८ फेकायचे, गडी गप. पाण्याचं मात्र विचारू नका. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारलं आवर्तन (पाण्याची पाळी) सुटलं का, तर तो म्हणतो कालवा ऐकायलो बा, पाणी काय दिसंना.

त्यापेक्षा तोंडाचा कालवा बरा. भूसंपादन नाही, टेंडर नाही, अन् थेंबाची गळती नाही. सकाळी हॉटेलात एक कट चहा दोघांत घ्या अन् चौघांनी एकदम बोला, ऐकणारा माणूस टेबलावर ठेवूच नका, उगं कुणीतरी पटवून देईल. ऑक्टोबर म्हणजे तर पर्वणीच. १५ तारखेला नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, ६५ टक्क्यांच्या आत असला की वरून नगर-नाशिकच्या धरणातून पाणी सोडायचं, असा हिशेब हाय. मग एकजण मोबाईल वर धरून ६२ म्हणतो, दुसरा म्हणतो ६४, मेव्हणा पैठणला असतो त्याचा फोन आलता, तिसरा दोघांचीही अक्कल काढतो, अन् बिलाची वेळ झाली की तिघांनाही एकदम शेतात मोटर चालू राहिल्याची आठवण येते (शेतात लाईट नसते, तो विषय वेगळा).

रात्रीचा कालवा डीजेवर सोडा. २००० सालचा नियम हाय, रात्री १० ते सकाळी ६ बंद, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल. घाबरू नका, १० वाजता बंद करा म्हणून सांगायला येणाऱ्याचं ऐकूच येत नाही.

काही अपवाद. बायको जेवताना म्हणली वरणात भाकर कालवा, तर बोंबलू नका, कुस्करा अन् खा. कोकणातले लोक कालवं खातात, आपण नुस्ती ऐकतो. अन् बँकेची नोटीस आल्यावर काळजात जी कालवाकालव होते ती धरू नका, तिचा आवाज येत नाही.

शेवटी ग्रामसभा. चारी (शेतात पाणी नेणारा पाट) दुरुस्तीचा विषय निघाला की हमखास मागच्या निवडणुकीवर घसरा, आवाज चढवा, खुर्ची ढकलली तर उत्तम. तेवढ्यात पुढं कुणीतरी ठराव वाचून घेतं, ऐकू आला नाही तरी हात वर करा. कशाचा होता ते संध्याकाळी पारावर कळतंच, चौघांकडून चार प्रकारचं.