सरकत्या मजकुराचा स्क्रीनसेव्हर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आटपत नाही. सार्वजनिक संगणकांवर सरकत्या मजकुराचा साधा स्क्रीनसेव्हर (संगणक काही वेळ कोणी वापरला नाही की पडद्यावर आपोआप येणारं दृश्य) लावावा, असं मी सुचवलं होतं. तुमचे आक्षेप असे: आजच्या पडद्यांना त्याची गरज नाही, वीज फुकट जाते, सरकती अक्षरं कोणी वाचत नाही, त्यापेक्षा दोन मिनिटांनी पडदा बंद होऊ द्यावा. आणि लावायचाच असेल तर पासवर्डसह लावावा, म्हणजे निदान सुरक्षितता मिळेल.

पडद्याच्या संरक्षणाबद्दल तुमच्याशी वाद नाही. जुन्या सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीच्या पडद्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिलं की आतल्या चमकणाऱ्या फॉस्फरच्या थरावर त्याचा कायमचा डाग पडायचा. १९८३ च्या डिसेंबरमध्ये आयबीएम पीसीसाठी असा एक प्रोग्रॅम मासिकात छापून आला होता. तीन मिनिटं कोणी कळ दाबली नाही तर पडदा काळा करायचा, एवढंच त्याचं काम. आजच्या चपट्या एलसीडी पडद्यावर तसे डाग पडत नाहीत, फार तर काही वेळ पुसट छाया राहते. पण मी स्क्रीनसेव्हर सुचवतो तो पडद्यासाठी नाही, समोर येऊन उभ्या राहणाऱ्या माणसासाठी.

घरच्या संगणकाचा पडदा काळा झाला तर आपल्याला ठाऊक असतं की माउस हलवला की झालं. सार्वजनिक संगणकासमोर येणाऱ्याला तो बंद आहे, बिघडलाय की झोपलाय, हे कळायला मार्ग नसतो. मग कोणी निघून जातो, कोणी पॉवरचं बटण दाबतो आणि चालू मशीन बंद करून बसतो. ‘संगणक सुरू आहे, माउस हलवा’ एवढी ओळ पडद्यावर फिरत असली तर हा गोंधळ होत नाही. हे काम काळा पडदा करू शकत नाही.

विजेचं म्हणणं रास्त आहे. काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरं फिरवली तरी साध्या एलसीडीचा बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) चालूच राहतो, त्यामुळे बचत जवळजवळ नाही. साधारण आकाराचा पडदा १५ ते २५ वॅट घेतो. म्हणजे दहा तास चालू राहिला तर पाव युनिटाच्या आत. लोकांच्या वापराच्या वेळेत हा खर्च मला योग्य वाटतो. ती वेळ संपली की मात्र संगणक पूर्ण बंदच करावा. एक गोष्ट आवर्जून तपासा: पॉवर सेटिंगमध्ये पडदा बंद होण्याची वेळ स्क्रीनसेव्हरच्या वेळेपेक्षा कमी असेल, तर स्क्रीनसेव्हर कधी दिसणारच नाही.

पासवर्डबाबत मात्र मी अजिबात सहमत नाही. सगळे एकच सामाईक खातं वापरत असतील, तर पुन्हा सुरू करताना पासवर्ड मागितल्यावर पुढचा माणूस बाहेर अडकतो. पासवर्ड भिंतीवर चिकटवला, तर त्याला काही अर्थ उरत नाही. खरा धोका वेगळाच आहे. स्क्रीनसेव्हर फक्त झाकतो, मागचं काहीच बंद करत नाही. कोणी मेल उघडा ठेवून उठून गेलं, तर पुढच्याने माउस हलवताच तो मेल त्याच्यासमोर येतो. यावर उपाय म्हणजे सत्रच पुसलं जाईल अशी व्यवस्था: बाहेर पडताच सगळं मिटवणारं पाहुणा खातं, किंवा किऑस्क मोड, म्हणजे संगणकावर ठरावीक एकच प्रोग्रॅम वापरू देणारी व्यवस्था. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरच्या किऑस्क मोडमध्ये सार्वजनिक ब्राउझिंगचा प्रकार निवडला, तर पाच मिनिटं हालचाल नसल्यावर तो आपोआप सगळं साफ करून नव्याने सुरू होतो. स्क्रीनसेव्हरवर ‘उठण्यापूर्वी लॉग आउट करा’ असं जरूर लिहावं, पण ती फक्त आठवण आहे, तिच्यावर विसंबून राहू नये.

आता ‘कोणी वाचत नाही’ याबद्दल. लोक वाचत नाहीत ते बहुधा मजकूर लांबलचक असतो म्हणून. सरकत्या ओळीचा पडद्यावर मावेल तेवढाच तुकडा एका वेळी दिसतो. वाक्य त्याहून लांब असेल, तर शेवट येईपर्यंत सुरुवात निघून गेलेली असते, आणि मध्येच आलेल्या माणसाला तर पूर्ण फेरीची वाट पाहावी लागते. म्हणून अख्खं वाक्य पडद्याच्या रुंदीत बसलं पाहिजे. पाच-सहा शब्द, मोठा ठसा, संथ वेग, गडद पार्श्वभूमीवर फिकी अक्षरं. नियमावली, वेळापत्रक आणि सुविचार एकाच ओळीत कोंबू नयेत. वेग ठरवताना स्वतःला वाचता येतंय का हे बघून भागत नाही, कारण आपल्याला मजकूर पाठ असतो. जो पहिल्यांदाच बघतोय अशा कोणालातरी समोर उभं करा.

विंडोजमधून मार्की, म्हणजे सरकत्या मजकुराचा तयार स्क्रीनसेव्हर, काढून टाकलंय, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. विंडोज एक्सपीपर्यंत ते होतं, त्यानंतरच्या व्हिस्टापासून नाही. आता उरलेल्या ‘थ्रीडी टेक्स्ट’मध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावतात. म्हणून विंडोजवर मी ‘फोटोज’ हा स्क्रीनसेव्हर वापरायला सांगतो: मजकुराची दोन-तीन चित्रं बनवून एका फोल्डरमध्ये ठेवायची. अक्षरं सरकत नाहीत, चित्रं बदलतात, पण संदेश पोहोचतो आणि देवनागरी जोडाक्षरं तुटायचा प्रश्नच येत नाही. लिनक्सवर एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीनसेव्हरांच्या संचातलं ‘फाँटग्लाइड’ घ्या. त्यात आडवा सरकता मजकूर निवडता येतो आणि तो साध्या टेक्स्ट फाइलमधून वाचला जातो, त्यामुळे सूचना बदलायची तर फक्त ती फाइल बदलायची.

इंटरनेटवरून तयार सेव्हर उतरवण्याची तुमची सूचना मात्र कृपया कोणी अमलात आणू नये. विंडोजच्या स्क्रीनसेव्हरची एससीआर फाइल ही नाव बदललेली प्रोग्रॅम फाइलच असते, ती काहीही करू शकते. अनोळखी प्रोग्रॅम शेकडो लोकांच्या वापरातल्या मशीनवर चालवणं मला मान्य नाही.

वापरणाऱ्यांनी सेटिंग बदलू नये म्हणून काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. विंडोज प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी (संगणकाचे नियम ठरवण्याची सोय) संपादकातल्या पर्सनलायझेशन विभागात ठरावीक स्क्रीनसेव्हर सक्तीचा करता येतो, वेळ सेकंदांत देता येते आणि बदल करण्याची सोय बंदही करता येते. होम आवृत्तीत हा संपादक मिळत नाही. तुमच्या मशीनवर कुठली आवृत्ती आहे आणि खातं सामाईक आहे की वेगवेगळं, एवढं कळवा, म्हणजे पुढच्या पायऱ्या नेमक्या सांगतो.