दोन मिनिटांचं काम
मी घोड्यांचे फोटो काढतो, आणि मालक म्हणतात, "फोटोतून लगाम काढून टाक ना, दोन मिनिटांचं तर काम!" पुन्हा तेच. अहो, त्या पट्ट्याखाली गालाचं हाड आहे, शिरा आहेत, केसांची दिशा आहे. ते सगळं हातानं भरावं लागतं. काळा घोडा असला तर बघायलाच नको: कॅमेरा काळ्याचा राखाडी करतो, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) कमी करावं तर डोळाच गायब. बरं, दोन्ही कान पुढे आलेला एक फोटो मिळावा म्हणून मी अर्धा तास पिशवी चुरगळून आवाज करत, शिट्ट्या मारत उभा (घोडा ढिम्म, माणसं हसतात). आणि मालक घोड्याच्या नाकाशी मोबाइल धरून वाइड लेन्सनं काढलेला फोटो दाखवतात, "अस्सा हवा!" त्यात डोकं भोपळ्याएवढं, पाय काडीचे.