उभी अँटेना लांब जाते म्हणे. जाते, पण जमीन पाहून

नवा कॉलसाइन (आपल्या स्टेशनचं अधिकृत नाव) हातात पडला की हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींच्या ग्रुपांवर एक सल्ला हमखास मिळतो: ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास) मधोमध केबल जोडलेल्या आडव्या तारेचा डायपोल लावू नका, त्याची सगळी पॉवर आभाळात जाते. उभी व्हर्टिकल लावा. तिचा उत्सर्जनाचा कोन खाली असतो म्हणून ती लांब जाते, तिला जागा लागत नाही, एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते याचं माप) झटकन १:१ येतो, आणि समोरच्याची उभी असेल तर आपलीही उभीच हवी. शिवाय डायपोल दोन्ही टोकांकडे बहिरा असतो.

यातलं थोडं खरं आहे. पण ज्या जोरात ते सांगितलं जातं, त्या जोरात नाही.

‘पॉवर आभाळात जाते’ यापासूनच सुरुवात करू. ७.१ मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी ४२ मीटर. आपल्यापैकी बहुतेकांचा डायपोल गच्चीवरच्या टाकीला धरून जमिनीपासून दहा-बारा मीटरवर, म्हणजे पाव तरंगलांबीवर असतो. तो सर्वांत जास्त सरळ वर मारतो, हे अगदी बरोबर. पण वर गेलेलं वाया जात नाही, दिवसा आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित भाग) ते परत खाली पाठवतं. पुण्याहून कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर. त्यातला एफ थर ३०० किलोमीटरवर धरला तर तिथे उतरायला सिग्नल ७० अंशांनी वर जावा लागतो. नागपूर ६२० किलोमीटरवर, त्याला ४२ अंश. सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी रेडिओवर जमणाऱ्या गप्पांमध्ये) राज्यातल्या स्टेशनांशी बोलायचं तर लागतात ते हेच कोन. पाव तरंगलांबीची व्हर्टिकल ७० अंशांवर जवळजवळ मुकी असते. कोल्हापूरच्या मीटरवर डायपोल आणि तिच्यात सहज दोन एस-युनिटांचा (सिग्नलच्या जोराच्या पायऱ्यांचा) फरक पडतो. ‘व्हर्टिकल लावली आणि नेटवर मला कोणी ऐकेना’ ही तक्रार इथूनच येते.

आता लांबचं. ‘उभी म्हणजे कोन खाली’ हे चित्र पुस्तकात असतं, कारण पुस्तकात जमीन आदर्श वाहक धरलेली असते. खऱ्या जमिनीवर अगदी खालच्या कोनांची ऊर्जा जमीनच खाते, आणि कमाल उत्सर्जन २५ अंशांच्या आसपास येतं. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला सुमारे ५ सीमेन्स, सर्वसाधारण जमिनीची ०.००५. हजारपट फरक! म्हणून बेटांवर मोहिमा काढणारे हॅम व्हर्टिकल अगदी पाण्याच्या कडेला रोवतात, आणि मालवणला किंवा रत्नागिरीला खाऱ्या पाण्यालगत जागा असेल तर मीही दुसरं काही सुचवणार नाही. पण देशावर, मुरूम नि काळ्या कातळावर? तिथे दहा अंशांच्या कोनावर चांगली व्हर्टिकल आणि दहा मीटर उंचीचा डायपोल, त्याच्या आडव्या दिशेला, जवळपास बरोबरीत येतात. डायपोल पंधरा मीटरवर गेला तर पुढेच. आडव्या तारेचा कोन ठरवते तिची उंची. उभ्या तारेचा ठरवते जमीन, आणि तीसुद्धा खांबाखालची नव्हे, तर दहापासून शेकडो मीटर दूरपर्यंतची. दुसऱ्याच्या शेतात आपण रेडियल (व्हर्टिकलच्या बुडापासून चहूकडे पसरायच्या तारा) पुरणार आहोत का?

जवळच्या जमिनीचं काम मात्र रेडियलचंच, आणि तिथेच ‘एसडब्ल्यूआर १:१’ची गंमत आहे. पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा रेझोनन्सला, म्हणजे तिच्या नेमक्या फ्रिक्वेन्सीवर, रेडिएशन रेझिस्टन्स (पॉवर लहरींत बदलणारा रोध) सुमारे ३६ ओहम. मग ५० ओहमच्या कोॲक्स केबलला १:१ जुळायला वरचे १४ ओहम आले कुठून? जमिनीतून. शंभर वॉटमधले २८ वॉट माती तापवायला गेले. नॅनो व्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावून हे डोळ्यांनी बघता येतं: दोन रेडियल असताना रेझिस्टन्स पन्नाशीत किंवा वर असतो, तारा वाढवत जावं तसा तो उतरत चाळिशीकडे येतो. एसडब्ल्यूआर १:१ वरून १.३, १.४ होतो, आणि माणूस घाबरून शेवटचे रेडियल काढून टाकतो. अँटेना सुधारत असते, मीटर बिघडल्यासारखा दिसतो. नवख्याला हे कुणी सांगत नाही. सगळी पॉवर नुसती उष्णतेत घालवणाऱ्या डमी लोडचाही एसडब्ल्यूआर १:१ असतो हो.

ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन यांनी १९३७ मध्ये रेडियलवर मोजमापं प्रसिद्ध केली, आणि मीडियम वेव्ह केंद्रांच्या मनोऱ्यांखाली १२० तारा पुरायची पद्धत त्यातूनच रुजली. आपल्याला तेवढ्या नकोत. जमिनीवर पसरलेल्या वीसेक तारा किंवा जमिनीपासून दोन-तीन मीटर उचललेले, नीट कापलेले चार रेडियल पुरतात. पण चार रेडियल म्हणजे प्रत्येकी दहा मीटर, चारी दिशांना. ‘जागा लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी सोसायटीच्या गच्चीवर ते अंथरून दाखवावेत, वाळत घातलेल्या कपड्यांमधून. स्लॅबमधल्या सळया रेडियलचं काम करतील हा समजही सोडा. त्या तारांच्या जागी येत नाहीत, उलट पॉवर खातात. त्यापेक्षा टाकीवर एक बांबू आणि इन्व्हर्टेड व्ही (मध्ये उंच, टोकं उतरती असा डायपोल). वीस मीटर तार, मध्ये बॅलन (तार आणि कोॲक्स यांमधला जोड), दोन टोकं कठड्याला नायलॉनच्या दोरीने.

‘समोरच्याची उभी तर आपलीही उभी’ हा पोलरायझेशनचा (लहरीच्या उभ्या-आडवेपणाचा) मुद्दा दोन मीटर बँडच्या हातातल्या सेटांवरून उचललेला आहे. तिथे सिग्नल सरळ जातो. एक उभी आणि एक आडवी असली की वीस डीबीपर्यंत, म्हणजे शंभरपट, घाटा होऊ शकतो. एचएफवर, म्हणजे ४० मीटरसारख्या बँडांवर, आयनोस्फिअरमधून परतताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पोलरायझेशन फिरतं, लंबवर्तुळाकार होतं. समोरच्याची तार कशी आहे याने फरक पडत नाही.

सल्ल्यात नसलेली एक गोष्ट आहे गोंगाटाची. शेजाऱ्याचा एलईडी ड्रायव्हर, लिफ्ट, सोलर इन्व्हर्टर यांचा आवाज जमिनीलगत येतो, आणि जमिनीलगत टिकतं ते बहुतांशी उभं पोलरायझेशनच. शहरात व्हर्टिकलवर मीटर एस-७ला बसलेला आणि डायपोलवर त्याहून खाली, हे नेहमीचं. पलीकडचा आपल्याला ऐकतोय पण आपल्याला तो ऐकू येत नाही, तर कॉन्टॅक्ट कसला?

राहिला टोकांचा बहिरेपणा. पाव तरंगलांबीवरचा डायपोल उंच कोनांना जवळजवळ सगळीकडे सारखाच, त्यामुळे राज्यातल्या गप्पांना तार कशीही ताणा. खालच्या कोनांना मात्र आक्षेप खरा आहे. पुण्यात युरोपसाठी तार ईशान्य-नैऋत्य ताणली तर जपान नेमका तिच्या टोकाकडे येतो, आणि तिथे व्हर्टिकल सरस ठरते.

दोन्ही लावायला जागा असेल तर लावाच. मध्ये कोॲक्स स्विच ठेवा आणि एकाच स्टेशनवर, एकाच ओव्हरमध्ये (बोलण्याच्या एका पाळीत), इकडून तिकडे फिरवत ऐका. काल व्हर्टिकलवर ५९ रिपोर्ट (समोरच्याने सिग्नलला दिलेले गुण) आणि आज डायपोलवर ५७ मिळाला, तर त्यातून कळली ती फक्त आयनोस्फिअरची कालची आणि आजची कंडिशन.