तंबू कुठे ठोकायचा हे कोणीतरी लिहून तर द्या

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागे एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनीच बघितला, आणि लगेच पुणे जिल्ह्यात प्रशासनाने धबधबे, धरणं, घाट अशा ठिकाणांसाठी प्रतिबंधात्मक आदेश काढले. आमच्या जुन्या ट्रेकिंग ग्रुपवर तेव्हापासून पावसाळा तोंडावर आला की तोच वाद पेटतो. अर्धे म्हणतात बंदी घालून काय होणार, सह्याद्री आमचा आहे, आम्ही जाणारच. उरलेले म्हणतात बंदीच पाहिजे, आपल्या लोकांची लायकीच नाहीये. आणि मग कोणीतरी हमखास मला मध्ये ओढतं, कारण मी सिॲटलजवळ राहते आणि उन्हाळ्यात आम्ही इथल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या जंगलात, तंबू टाकून राहतो त्याचे फोटो मी टाकत असते. "बघा हिच्याकडे, फुकट, बुकिंग नाही, गेट नाही, कोणी विचारायला येत नाही, कारण तिकडची माणसं शिस्तीची."

फुकट आहे हे खरं, बुकिंग नाही हेही खरं. पण माणसं शिस्तीची म्हणून हे चाललंय असं जे म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, आणि त्याच्यावरून आपल्या लोकांना नावं ठेवतात तेव्हा मला खरंच राग येतो. माझं माहेर संगमनेरचं, शेजारच्या अकोले तालुक्याचे डोंगर बघत मोठी झालेय मी, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी इथलं कसं चालतं ते सांगते. अमेरिकेत १५४ नॅशनल फॉरेस्ट आहेत, सगळी मिळून साधारण १९ कोटी ३० लाख एकर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या अडीचपट जमीन. ती सांभाळणारी फॉरेस्ट सर्व्हिस १९०५ पासून आहे आणि ती चक्क शेती खात्याच्या हाताखाली येते, कारण मूळ हिशोब लाकडाचा होता. या जंगलांमधून साडेतीन लाख मैलांहून जास्त रस्ते आहेत, बहुतेक कच्चे, खडीचे, आणि त्यातले कितीतरी ट्रकने ओंडके बाहेर काढायला केलेले. आमच्या वॉशिंग्टन राज्यात १९९० च्या आसपास स्पॉटेड आउल या घुबडाच्या संरक्षणावरून मोठी भांडणं झाली, १९९४ मध्ये नवीन वन आराखडा आला, लाकूडतोड एकदम खाली आली, पण रस्ते राहिले. आज आम्ही ज्या वाटांवर तंबू टाकतो त्या वाटा लाकूड कंपन्यांसाठी पाडलेल्या आहेत, कोणी सरकारने उदार होऊन कॅम्पिंगसाठी केलेल्या नाहीत, हे लक्षात ठेवायला पाहिजे.

आता जागा शोधायची कशी. प्रत्येक फॉरेस्टचा एक मोटर व्हेईकल यूज मॅप असतो, २००५ च्या नियमानंतर हे नकाशे काढायला सुरुवात झाली, फुकट मिळतात, ऑफिसात कागदावर किंवा फोनवर डाउनलोड करून. दिसायला अगदी कंटाळवाणा नकाशा, काळा-पांढरा, ना डोंगर ना झाडं, नुसते रस्ते आणि त्यांचे नंबर. पण कायद्याने तोच नकाशा चालतो. कुठल्या रस्त्यावर कुठली गाडी कुठल्या महिन्यात न्यायची ते त्यात असतं, आणि बऱ्याच फॉरेस्टमध्ये काही रस्त्यांच्या कडेने बारीक ठिपके छापलेले असतात, ठिपके म्हणजे या रस्त्यापासून अमुक फुटांपर्यंत गाडी आत घेऊन तुम्ही मुक्काम करू शकता. तो अमुक आकडा समासात लिहिलेला असतो आणि दर फॉरेस्टला वेगळा असतो म्हणून समास वाचायचाच. मग मी सॅटेलाइट फोटोवर तो रस्ता बघते, मुख्य रस्त्यातून फुटलेला छोटा फाटा आणि त्याच्या टोकाला उघडी माती दिसली की तिथे आधी कोणीतरी राहून गेलंय असं समजायचं, कारण नियम असा की शक्यतो आधी वापरलेल्या जागेवरच राहा, नवीन गवत तुडवू नका. आणि निघायच्या आदल्या दिवशी रेंजर स्टेशनला, म्हणजे त्या जंगलाच्या ऑफिसला, फोन, रस्ता वाहून गेलाय का, बर्फ आहे का, शेकोटीवर बंदी लागलीये का. हा फोन सगळ्यात महत्त्वाचा, कारण ॲपवर लोकांनी टाकलेल्या जागा कित्येकदा जुन्या असतात आणि एकदा आत शिरलात की नेटवर्क नसतं.

रस्त्यावरच्या पाट्याही वाचाव्या लागतात. नंबरची पाटी आडवी असेल तर साधारणपणे साधी कार जाते, उभी असेल तर उंच गाडी पाहिजे, खड्डे आणि दगड असणार. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर समोरून ओंडक्यांचा ट्रक येऊ शकतो आणि तो तुमच्यासाठी थांबू शकत नाही, तुम्हीच कडेला व्हायचं. उजेड असतानाच पोचायचं, आणि तंबू टाकण्याआधी मान वर करून बघायचं की डोक्यावर वाळलेलं झाड नाही ना.

पोचल्यावर तिथे काहीच नसतं, नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही. पाण्यापासून साधारण २०० फूट लांब राहायचं, शौचाला जायचं तर तेवढंच लांब जाऊन सहा-आठ इंच खड्डा खणायचा आणि बुजवायचा, कचरा सगळा गाडीत परत, अन्न रात्री गाडीत बंद कारण अस्वलं आहेत. एका जागी साधारण १४ दिवसच. विस्तव विझवला म्हणजे राखेत हात घालून ती गार लागली पाहिजे, तोपर्यंत पाणी ओतत राहायचं. उन्हाळ्यात बहुतेक वेळा शेकोटीवर पूर्ण बंदीच असते, फक्त चावीने बंद होणारा गॅस चालतो, आणि आम्ही त्याच्यावरच पिठलं करतो आणि घरून नेलेल्या भाकरीबरोबर खातो.

म्हणजे नियम कमी आहेत असं नाही, उलट भरपूर आहेत. फक्त ते आधी लिहिलेले आहेत, सगळ्यांना सारखे आहेत, आणि मी कोण, कुठल्या रंगाची, माझी कोणाशी ओळख आहे का याच्याशी त्यांचा संबंध नाही. या देशात व्हिसाच्या ऑफिसपासून बँकेपर्यंत सगळीकडे मी कोण ते सिद्ध करत आले, आणि या ठिपक्यांच्या रस्त्यावर मला कोणाला काही सिद्ध करावं लागलं नाही, त्याचं मला फार अप्रूप आहे.

आता शिस्तीबद्दल. १२ जून २०२२ ला ॲरिझोनात फ्लॅगस्टाफजवळ पाइपलाइन फायर लागली. कोकोनिनो नॅशनल फॉरेस्टमध्ये मुक्काम केलेल्या एका माणसाने आदल्या दिवशी टॉयलेट पेपर जाळून दगडाखाली सारला होता, आणि २६ हजार एकरांहून जास्त जंगल जळलं. तिथे डोंगर उघडे पडल्यामुळे नंतरच्या पावसात खालच्या वस्त्यांमध्ये पूर आले. जुलैच्या चार तारखेच्या सुट्टीनंतर आमच्या इकडच्या कुठल्याही नदीकाठच्या जागेवर जा, बिअरचे कॅन, जाळलेल्या लाकडी पॅलेटचे खिळे, फुटक्या खुर्च्या, झाडामागे कागद. ही सगळी इथलीच माणसं. गर्दी झाली की माणूस सगळीकडे असाच वागतो, आपल्या रक्तात काही वेगळं नाहीये.

आणि गर्दी झाल्यावर इथेही मोकळीक गेलीच. ॲरिझोनातल्याच सेडोनाच्या पश्चिमेला फॉरेस्ट रोड ५२५ च्या भागात पूर्वी वाटेल तिथे राहता यायचं, आता ठरवून दिलेल्या जागांवरच. कोलोरॅडोत क्रेस्टेड ब्यूटच्या आसपासच्या खोऱ्यांमध्ये २०२१ पासून नंबर लावलेल्या जागांवरच तंबू. पण फरक बघा, त्यांनी पूर्ण खोरं बंद नाही केलं, जागा मोजल्या, खांब रोवले, नवीन नकाशा छापला. माणसाला "जाऊ नकोस" म्हणण्यापेक्षा "इथे राहा" म्हणणं जास्त कष्टाचं असतं, त्याला माणसं लागतात, पगार लागतात. आणि तेच आता इथे कमी होतंय, फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या हजारो लोकांना एकदम काढलं, मग त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. त्याच वर्षी उटाहचे सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडच्या ११ राज्यांमधली लाखो एकर सार्वजनिक जमीन विकायचा प्रस्ताव आणला, आणि शिकारी, मासे पकडणारे, पर्यावरणवाले, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे एकत्र उठले, जूनच्या शेवटी प्रस्ताव मागे घ्यावा लागला. ज्या जमिनीवर माणूस स्वतः झोपलाय तिच्यासाठी तो भांडतो, हे मी तेव्हा बघितलं. माझं बंदीच्या विरोधातलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. जंगलात पायच न ठेवलेली पिढी उद्या ते जंगल खाणीला गेलं तर कशासाठी उठेल?

पण "अमेरिकेसारखं सगळं खुलं करा" म्हणणाऱ्यांनाही मी हात जोडून सांगते, ती जमीन रिकामी नव्हती. आम्ही जिथे सगळ्यात जास्त जातो ते गिफर्ड पिंशो नॅशनल फॉरेस्ट, माउंट ॲडम्सच्या बाजूचं, ते याकामा आणि इतर आदिवासींचं हकलबेरी, म्हणजे एक रानफळ, तोडायचं रान. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार गोरे लोक हजारोंनी बेरी तोडायला तिथे घुसले, तेव्हा १९३२ मध्ये याकामांचे प्रमुख विल्यम यॅलप आणि फॉरेस्टचा अधिकारी यांच्यात नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला, की फॉरेस्ट रोड २४ च्या एका बाजूची बेरी आदिवासींसाठी राखीव. तो करार आजही पाळतात, तिथे पाटी आहे. मला त्या पाटीपाशी दरवेळी अकोले तालुका आठवतो. म्हणजे हिरडा गोळा करणारे महादेव कोळी आणि ठाकर, ज्यांच्या गावांवर १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आलं, आणि ज्यांच्या शेताच्या बांधावर आता पुण्या-मुंबईच्या गाड्या उभ्या असतात.

आपल्याकडे वनजमीन साधारण ६१ हजार चौरस किलोमीटर आणि माणसं २०११ मध्येच सव्वाअकरा कोटी. जंगलाच्या प्रत्येक कडेला कोणाचं तरी गाव, कोणाची तरी गुरं, देवराई. वाटेल तिथे तंबू हे आपल्याला परवडणारच नाही, आणि तसं मागूही नये. भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजवे बघायला झुंबड उडते, हेडलाइट आणि फोनचे टॉर्च पाडून लोक आत शिरतात, आणि काजव्यांचं सगळं जोडीदार शोधणं त्या उजेडावर चालतं, तिथे आकडा ठरवून लोक सोडलेच पाहिजेत. पवनेच्या काठावर तंबूंच्या रांगा आणि स्पीकर, तिथे तर बाजार झालाय. हे थांबवा म्हणणाऱ्यांचं दुःख मला कळतं.

फक्त थांबवायची पद्धत चुकतेय. आदेश निघतो, पेपरात येतो, कुठला ओढा बंद, कुठलं पठार चालू, किती वाजेपर्यंत, परवानगी वनखात्याची का पंचायतीची, काही कळत नाही. एका नाक्यावर समितीची पावती फाडतात, पुढच्या वळणावर पोलीस परत पाठवतो. मग ज्याची ओळख आहे तो जातो, ज्याला नियम पाळायचाय तो घरी बसतो, आणि ज्याला पर्वा नाही तो मागच्या वाटेने रात्री शिरतो, नेमका तोच वाहून जातो. मला वाटतं हे पोलीस वाढवून सुटणार नाही.

आपल्याकडे याचं उत्तर द्यायला लागणारी माणसं आणि कायदा दोन्ही आहे, म्हणून जास्त जीव तुटतो. २००६ चा वनहक्क कायदा आहे, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला, स्वतःचं जंगल गावानेच सांभाळलं. राजमाचीच्या उधेवाडीत तर ट्रेकर लोक कितीतरी वर्षं गावातल्या घरात जेवतात, अंगणात झोपतात, वाट चुकली तर गावचाच पोरगा सोडायला येतो, त्याच्यासाठी कोणाला अमेरिकेला यायची गरज नव्हती.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. एका तालुक्यापासून सुरू करा, अकोले तालुक्यापासून करा. वनखातं आणि तिथल्या ग्रामसभा बसू द्या, आणि एकच नकाशा काढा, मराठीत, फुकट, काळा-पांढरा चालेल. या दहा-बारा जागांवर तंबू चालेल, एका जागी इतकेच, पावसाळ्यात यातल्या या बंद, काजव्यांच्या दिवसात या बंद, विस्तव कुठे चालेल, ओढ्यापासून किती लांब, हिरड्याच्या झाडांना हात लावायचा नाही, आणि पावती फाडायची ती ग्रामसभेने, पैसे तिथेच राहतील. खाली एक फोन नंबर, जो कोणीतरी उचलेल. उरलेलं रान बंद म्हणा, मी स्वतः ग्रुपवर त्या बंदीच्या बाजूने भांडेन.